गरजेचे चार पॉइंट

लाइट जावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेला माणूस कुणी पाहिलाय? कंट्रोलरना पाहायला हवं होतं! बस डेपोत उभा जन्म गाड्या सोडण्यात गेला, म्हणून निवृत्त झाल्यावरही गल्ली त्यांना कंट्रोलरच म्हणायची. त्यांनी छपरावर सोलर पॅनल बसवले, जिन्याखाली कपाटाएवढी बॅटरी ठेवली, आणि त्या दिवसापासून लाइट जायचीच बंद झाली. आधी दिवसाआड जायची. आता जाईल तर शपथ!

मग माणसाला चैन कशी पडावी? सकाळी वर जाऊन पॅनल पुसायचे, खाली येऊन मोबाइलवर बघायचं, बॅटरी किती भरली. शंभर टक्के. काल शंभर, आज शंभर. परत वर जायचं, परत खाली.

"पायाला भिंगरी लागलीय का हो? जरा टेका की," बायको म्हणायची. टेकायचे, आणि तिची पाठ वळली की उठायचे.

त्यात भर मेहुण्याची. बायकोचा हा धाकटा भाऊ गल्लीच्या टोकाला राहायचा, तोंडाने भलताच फटकळ. रोज चहाला यायचा आणि रोज तेच विचारायचा.

"काय भावोजी, पांढरा हत्ती काय म्हणतो? पैसे वसूल व्हायला किती वर्षं?"

"दहा."

"आणि बॅटरी टिकणार किती?"

"दहा."

"म्हणजे वसूल झाली की मेली!" आणि स्वतःच्याच विनोदावर मांडी बडवून हसायचा.

कंट्रोलरना मनातून ठाऊक होतं, गडी चुकीचं बोलत नाही. नुसत्या पॅनलवरच बिल निम्म्याला आलं होतं. बॅटरी नसती तरी भागलं असतं. पण त्या बॅटरीत बायकोचे पैसे होते. मागच्या खोलीत तिचं अंडी उबवायचं मशीन होतं, एक लाकडी पेटी, आत छोटा हीटर आणि पंखा. पिल्लं विकून साठवलेलं सगळं तिने एका शब्दावर काढून दिलं होतं. "लाइट गेली की माझ्या जिवाचं पाणी पाणी होतं," ती म्हणाली होती. "तेवढा घोर मिटला तरी पुष्कळ." कंट्रोलर "हो हो" म्हणाले होते. आता एकदा तरी लाइट जाऊन बॅटरीने काम करून दाखवायला हवं होतं, नाहीतर बायकोला तोंड कसं दाखवायचं? या विचाराने त्यांना जेवण गोड लागेना.

आणि एका दुपारी गेली. ट्रान्सफॉर्मर फुटल्याचा केवढा तरी आवाज झाला आणि सगळ्या गल्लीतले पंखे थांबले. कंट्रोलरच्या हॉलमधला टीव्ही नुसता लुकलुकला आणि मॅच पुढे चालू झाली.

"गेली! गेली रे गेली!" कंट्रोलर असे ओरडले की मेहुण्याच्या हातातला चहा सांडला.

बायको घरात नव्हती. शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणाला तरी पिल्लं पोचवायला गेली होती. जाताना म्हणाली होती, "अंडी फुटायला आलीत हं. अधूनमधून मशीनकडे बघा." कंट्रोलर "हो हो" म्हणाले होते. पण आता मशीनकडे बघायला फुरसत कुणाला? आधी ते जिन्याखाली जाऊन बॅटरी बघून आले, मग छपरावर जाऊन आले, मग दारात उभे राहून शेजाऱ्यांना हाका मारू लागले. या, बसा, पंखा आहे, फोन लावा चार्जिंगला, लाजू नका! हॉल भरला. मेहुणा पंख्याखाली गप्प बसला होता, आणि ते बघून कंट्रोलरना जे सुख झालं ते सांगायची सोय नाही. अंगात वारं शिरल्यासारखे ते आतबाहेर करत राहिले. बॅटरी भरलेली, कशाची म्हणून भीती नव्हती.

संध्याकाळी बायको आली. गल्लीत काळोख, आणि तिच्या गेटचा दिवा लखलखीत, हॉलमध्ये टीव्ही चालू. दारातच थांबली आणि हसली.

"बरं झालं हो, तुमचं ऐकलं," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "बसमध्ये कळलं, आपल्याकडे दुपारपासून लाइट नाही. काळजात धस्स झालं. मग आठवलं, आपल्याला कसली फिकीर? आपल्याकडे बॅटरी आहे. अगदी निवांत आले."

कंट्रोलरनी मेहुण्याकडे पाहिलं. "ऐकलंस?"

ती पिशवी ठेवून मागे गेली. मग तिची हाक आली. "अहो." मोठ्याने नाही, पण कंट्रोलर ताडकन उठले.

मागची खोली अंधारात होती. मशीनचा लाल दिवा विझलेला. तिने मोबाइलच्या उजेडात झाकण उघडलं होतं आणि एक अंडं मिटलेल्या पापणीवर टेकवलं होतं. ती नेहमी असंच बघायची. हाताला ऊब फसवते, पापणीला नाही, असं तिचं म्हणणं. तिने ते ठेवलं, दुसरं घेतलं, तिसरं घेतलं.

"गार आहेत," ती म्हणाली.

"असं कसं होईल? वायर सुटली असेल!" कंट्रोलरनी दिसेल ते बटण दाबलं, प्लग काढून परत लावला, मग बॅटरी जोडून देणाऱ्या वायरमनला फोन लावला. बटणं चाचपायला हात मोकळे राहावेत, म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

"मागची खोली?" वायरमन म्हणाला. "काका, ती बॅटरीवर नाहीच. एवढी बॅटरी सगळं घर थोडीच ओढणार! मी विचारलं होतं ना, गरजेचे चार पॉइंट सांगा म्हणून? तुम्ही म्हणालात, टीव्ही, हॉलचा पंखा, इंटरनेट आणि गेटचा दिवा. मी म्हटलं, मागे काय आहे? तर म्हणालात, मागे काही नाही, तू पुढचं बघ."

कंट्रोलरनी फोन बंद केला. डेपोत ड्रायव्हरचा प्रश्न संपायच्या आत उत्तर फेकायची सवय, त्याच झटक्यात ते बोलून गेले असणार. ते खोटं बोलले नव्हते, आणि तेच फार वाईट होतं. घरातलं गरजेचं काय, असं कुणी विचारल्यावर ती खोली त्यांच्या डोळ्यांपुढे आलीच नव्हती. कंट्रोलरना स्वतःची अशी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

बायकोने सगळं ऐकलं होतं. "हॉलमधून लांब वायर आणा," एवढंच ती म्हणाली.

मेहुण्याने स्वतः उठून टीव्हीचा प्लग काढला. शेजारी चपला शोधत निघून गेले. वायर मागे आली, मशीनचा लाल दिवा लागला. टीव्हीपेक्षाही कमी वीज खाणारं मशीन ते! दुपारीच कुणी मागे डोकावलं असतं, तर एका वायरचं काम होतं.

"अगं, माझ्या तोंडून..." कंट्रोलर पुढे झाले.

"आता नको," ती म्हणाली. "झाकण लावू दे. ऊब जाते."

दोन दिवसांत निम्मीच फुटली. उरलेली तिने कुंपणापाशी खड्डा खणून पुरली. कंट्रोलर फावडं घ्यायला गेले, तिने दिलं नाही.

त्यानंतर मेहुणा आला तो जपूनच आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. पण जित्याची खोड, राहवेना.

"भावोजी, आमच्या शेजारचे विचारत होते. पॅनल घेताहेत. बॅटरीही घ्यावी की नाही? काय सांगू?"

कंट्रोलरनी बायकोकडे पाहिलं. ती जमिनीवर बसून एका पिल्लाचे पाय पुसत होती.

"घ्या म्हणावं," तिने मान वर न करता सांगितलं. "बॅटरी चांगली आहे. जोडून द्याल तिथे चालते बिचारी. तिला काय माहीत, घरात कोण कोण राहतं."