जयवंतची जाड तार

मित्रांनो, माझ्या जिवावर पैज लागली आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही!

मी एक जुना फ्यूज आहे. नाहूरच्या एका चाळीत, जिन्याखालच्या खोक्यात राहतो. अंग चिनी मातीचं, दोन पितळी स्क्रू आणि मधे एक पातळ तार. चार खोल्यांचा भार माझ्या एकट्यावर, आणि चारही खोल्यांच्या शिव्या मलाच.

त्या रविवारी संध्याकाळी टीव्हीवर पिक्चर होता. जयवंतने नवीकोरी विजेची शेगडी आणलेली. शेजारची विमला कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ती पेटवलीस ना, तर फ्यूज उडणार. पिक्चर बोंबलणार."

"आणि नाही उडाला तर?"

"तर महिनाभर तुझं पाणी मी भरीन. उडाला तर बोल!"

जयवंतने मिशीला पीळ दिला. "अर्धी मिशी भादरीन. नळावर, सगळ्यांसमोर!"

चाळ खिदळली. मीपण खिदळलो. अहो, उडणं हाच तर माझा धंदा! नीट ऐका, परत सांगणार नाही. वीज तारेतून धावली की तार तापते. शेगडीची लालबुंद होते, ती बनवलेलीच तशी. माझी मात्र पातळ. तुम्ही हावरटासारखी वीज ओढलीत की ती वितळते, रस्ता तुटतो, वीज थांबते. मी जळतो म्हणून तुमची घरं जळत नाहीत. आणि तुम्ही काय म्हणता? "मेला साला परत!" कृतघ्न कुठले.

पिक्चरच्या जरा आधी जयवंत चोरपावलांनी आला. मला उपटलं, माझी पातळ तार फेकली आणि कपडे वाळत घालायच्या जाड तारेचा तुकडा माझ्या पोटात कोंबला. "आता उडून दाखव!" म्हणाला. नालायक!

पिक्चर सुरू झाला, शेगडी पेटली. माझी जाड तार ढिम्म. मग तापणार कोण? भिंतीवरची जुनी वायर. ती विमलाच्या खोलीतून जयवंतकडे जाते, आणि तिच्याच खाली खाटेवर विमलाची आजारी सासू. वरचं रबर चुरचुरायला लागलं. मला सगळं कळत होतं, पण मेल्याने मला मरायची सोयच ठेवली नव्हती.

"विमले, धूर गं, धूर!" म्हातारी किंचाळली.

विमला धडाधड जिना उतरली आणि तिने मेन स्विच बंद केला. चाळभर बोंब उठली. जयवंत मात्र दात काढत खाली आला. "फ्यूज उडाला नाही ना? चल, उचल हंडा!"

विमलाने मला उपटून त्याच्या नाकाखाली धरलं. "हे काय रे? ह्या तारेवर लोक चादरी वाळत घालतात! सासू भाजली असती ना माझी, मुडद्या!"

चाळीने तिथल्या तिथे निकाल दिला: हरला जयवंत.

मित्रांनो, माझे लाड करू नका. शिव्या खुशाल घाला. पण तार पातळच घाला, आणि वेळ आली की मला मरू द्या. नाहीतर तुम्ही मराल, आणि मला अजिबात वाईट वाटणार नाही.

सकाळी नळावर हंडे-कळशांची रांग लागली होती. जयवंतला पालथ्या बादलीवर बसवलेलं. वस्तरा घेऊन त्याचीच बायको, मालन, पुढे आली.

"अगं, माणसं बघतायत!" तो कुजबुजला.

"बघणारच. पाण्याला खोळंबलीयत सगळी. मान वर कर!"