हँग नाय झालाय, आयकतोय!

मी एक जुना संगणक आहे, पोलादपूरच्या एका शाळेतला. मुंबईच्या कचेरीत माझी उमेदीची वर्षं गेली. तिथे नवे संगणक आले आणि मला खोक्यात घालून इकडे पाठवलं. पण मित्रांनो, इथल्यासारखा लळा मला तिथे कुणी लावला नाही. वर्गातली बुशरा तर रोज ओढणीच्या टोकाने माझा पडदा पुसते. फक्त माझं नाव तेवढं खराब झालं. मी मध्येच अडकतो, म्हणून मुलं मला 'हँगोबा' म्हणतात.

यंदा मुलांनी सूचनांचे रंगीत ठोकळे जोडून माझ्यावर खेळ तयार केले. सर्वांत कल्पक खेळ महाडच्या प्रदर्शनात जाणार होता. आता कल्पकता मोजायची कशी? वरून एक तक्ता आला होता: जितके वेगवेगळे ठोकळे, तितके गुण. मग काय, दिसेल तो ठोकळा मुलांनी लावला! अकिबच्या खेळातली मांजर नाचली, गायली, रंग बदलून गायबही झाली. कशासाठी, ते अकिबलाही सांगता येईना. गुण मात्र भरघोस.

उमरठच्या राजनंदिनीचा खेळ साधा होता. धुक्यातला आंबेनळी घाट आणि एक एस्टी. वळण आलं की एस्टी हॉर्न वाजवी आणि थांबे. 'थांबा' हा एकच ठोकळा पुन्हा पुन्हा, त्यामुळे गुण जेमतेम. तिचे वडील महाड डेपोत ड्रायव्हर. आपला खेळ बाबांनी पाहावा, एवढंच तिच्या मनात होतं.

सरितामॅडम तिचा खेळ तपासायला बसल्या. हॉर्न वाजला आणि पडदा स्तब्ध झाला.

"झाला हँगोबा हँग!" वर्ग हसला.

मॅडमचा हात माझ्या बटणाकडे गेला. या वेळी मी अडकलोच नव्हतो हो! पण माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? माझ्या बदलौकिकापायी पोरीची मेहनत वाया चालली होती.

"मॅडम, नका बंद करू! हँग नाय झालाय, आयकतोय!" राजनंदिनी ओरडली.

"कोण ऐकतंय गं?"

"ड्रायव्हर! धुक्यात समोरचं दिसत नाय ना. बाबा हॉर्न मारून गप ऱ्हातात. समोरून कोण हॉर्न देतंय का, ते आयकतात. मगच गाडी काढतात."

मॅडमनी हात मागे घेतला. मुलं पडद्याकडे झुकली. आणि वळणापलीकडून, अगदी बारीक, दुसरा हॉर्न वाजला.

"आला गो, आला!" बुशराने टाळ्या पिटल्या.

"हे मोजायला या तक्त्यात रकानाच नाही," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी राजनंदिनीचंच नाव महाडला कळवलं.

बुशराच्या वडिलांच्या, जुल्फिकारभाईंच्या जीपमधून गोधडीत गुंडाळून मीही गेलो. परीक्षक समोर बसले, राजनंदिनीचे बाबा खाकी गणवेशात मागे उभे राहिले. हॉर्न वाजला, एस्टी थांबली, आणि मित्रांनो, नेमका तेव्हाच मी खरोखर अडकलो! पण राजनंदिनीने सगळं आधीच समजावलं होतं. कुणी बटणाकडे हात नेला नाही. सगळे कान देऊन थांबले. तेवढ्या सवडीत मी सावरलो आणि पलीकडचा हॉर्न दिला. बाबांनी टोपी काढून डोळे पुसले.

म्हणून विनवणी एवढीच. मी थांबलो, किंवा तुमच्या वर्गातलं कुणी गप्प बसलं, तर लगेच 'हँग झालं' म्हणू नका. जरा आयका.