सहाची बॅच

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी पहाटेच्या एसटीने मी नांदेडहून लातूरला गेले आणि शिवकुमारच्या क्लासमध्ये, खालच्या हॉलमधल्या बाकावर जाऊन बसले. बाकाच्या वर माझ्या वडिलांचा फोटो आहे. चांगला तीन फूट उंच, चंदनी हार घातलेला. खाली सोनेरी अक्षरांत 'आमचे प्रेरणास्थान, कै. दत्तोपंत सर'. प्रवेश घ्यायला आलेली मुलं आधी फोटोला नमस्कार करतात, मग काउंटरकडे वळतात.

"मॅडम, कुणाला भेटायचंय?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"कुणाला नाही. बसायचंय."

ती वर जाऊन विचारून आली. परत आल्यावर तिने मला पाण्याचा ग्लास दिला. ज्याचा फोटो, त्याचीच मुलगी फोटोखाली बसली तर तिला उठवायचं कसं, हे तिला वर कुणी सांगू शकलं नव्हतं. माझाही हिशेब तोच होता.

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकतीस वर्षं लातुरात फिजिक्स शिकवलं. त्यातली शेवटची अठरा या क्लासमध्ये. तो त्यांनी आणि शिवकुमारने मिळून पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केला होता. शिवकुमार उदगीरकडचा, नानांचाच विद्यार्थी. कॉलेजची दोन वर्षं आमच्या घरी राहिला, आईच्या हातचं जेवला. मी त्याला राखी बांधायची आणि तो मला 'मने' म्हणायचा. शेडची चार मजली इमारत झाली तेव्हा मी 'मनूताई' झाले आणि आई गेल्यावर नुसती 'ताई'.

नाना सकाळी सहाची बॅच घेत. गेल्या वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला, फळ्यावरची अक्षरं वाकडी यायला लागली. या ऑक्टोबरातल्या एका सोमवारी ते नेहमीसारखे सहाला वर्गात गेले, तर फळ्यापाशी हैदराबादहून आणलेला नवा शिक्षक शिकवत होता. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एकशे ऐंशी मुलं वळून बघत होती. नाना शेवटच्या बाकावर जाऊन बसले, गुडघ्यांवर हात ठेवून पूर्ण तास ऐकला, आणि घरी गेले.

हे मला त्यांच्या तेराव्याला कळलं. मुखेडची रुद्राणी नावाची विद्यार्थिनी भेटायला आली होती, तिने सांगितलं. ती त्याच बाकावर बसायची. "सर माझ्याकडं बघून हसले मॅडम," ती म्हणाली, "सरक म्हणाले थोडं."

त्या सोमवारनंतर नाना अकरा दिवस जगले. मी रोज संध्याकाळी नांदेडहून फोन करायची. वर्ग कसा झाला विचारलं की म्हणायचे, चांगला झाला. शेजारच्या काकू सांगतात, रोज साडेपाचला इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचे आणि आठला परत यायचे. कुठे जायचे ते कुणालाच माहीत नाही. बाराव्या दिवशी बूट घालता घालता गेले.

नव्या शिक्षकाला महिन्याभरात दुसऱ्या क्लासने पळवलं. तेव्हापासून सहाची बॅच शिवकुमार स्वतः घेत होता.

तर मी बसायला लागले. दर शनिवारी आणि रविवारी, सकाळी नऊ ते दुपारी दोन, हातात एक पुस्तक घेऊन. पालक शेजारी टेकत. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं, मांडीवर पिशवी, पिशवीत मार्कमेमो. कुणीतरी फोटोकडे बघून विचारायचं, "हे सर कोण म्हणायचे?"

"माझे वडील."

"असं व्हय. मग क्लास चांगला असंल."

मग मी जे घडलं ते सांगायची. तारीख, वेळ, बाक. एक शब्दही वाढवत नव्हते, आवाज चढवत नव्हते. बहुतेक जण ऐकून घेऊन तरीही प्रवेश घ्यायचे. लेकराच्या डॉक्टरकीपुढे कुणाचे वडील कुठल्या बाकावर बसले त्याचं काय. पण काउंटरवर जाऊन "ते खरं हाय का हो?" एवढं विचारायचे, आणि काही जण समोरच्या क्लासकडे वळायचे. मला तेवढं पुरत होतं.

तिसऱ्या शनिवारी शिवकुमार स्वतः खाली आला. मागोमाग चहा. माझ्या शेजारी बसला, अगदी घरच्यासारखा.

"काय वाचायलात ताई?"

"पुस्तक, सर."

मी त्याला 'सर' म्हणाले ते त्याला लागलं, पण त्याने चहात बुडवून गिळलं.

"बसा, बसा. हॉल तुमचाच हाय. सोळा जानेवारीचं इमान हाय ना तुमचं, हैदराबादहून? टोरांटो लई थंड म्हणत्यात. तोवर इथं ऊन घ्या." उठताना त्याने फोटोला नमस्कार केला. "सोळापर्यंत रोज आलात तरी चहाला कमी पडणार न्हाई."

तारीख त्याने कुठून मिळवली कोण जाणे, पण खरी होती. माझा नवरा श्रीनाथ ऑगस्टपासून टोरांटोत होता. नोकरी चांगली, करार पाच वर्षांचा. मी नांदेडच्या कॉलेजातल्या फिजिक्स शिकवायच्या नोकरीचा राजीनामा दिला होता, फ्लॅट जानेवारीअखेर सोडायचा होता, पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का बसला होता. नाना गेल्यापासून श्रीनाथने घाई केली नव्हती. रात्री त्याचा फोन यायचा, तेव्हा तिथे सकाळ असायची.

"आज उणे बारा," तो म्हणायचा. "नाकातले केस गोठतात. तुला आवडेल."

"इथेही बारा होते सकाळी."

"तुमचे बारा आणि आमचे बारा यात फरक आहे बाई." मग फोन ठेवण्याआधी, "येणार आहेस ना?"

मी येणार होते. पण शिवकुमार नुसतं कॅलेंडर बघून जिंकणार, हे मला सहन होत नव्हतं. त्याला काहीच करावं लागत नव्हतं. मी विमानात बसायची तेवढी वाट बघायची होती. आणि राहिले तर? तर चाळिशी गाठेपर्यंत मी एका बाकावर बसून अनोळखी माणसांना एकच गोष्ट सांगत राहिले असते. दोन्हीकडे त्याचंच फावत होतं.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी मी वर त्याच्या केबिनमध्ये गेले.

"एक सौदा आहे," म्हणाले. "परवा सोमवारी, सहाला. तुम्ही वर्गावर या, नेहमीसारखे. फळ्यापाशी मी असेन. तुम्ही शेवटच्या बाकावर बसायचं, तास संपेपर्यंत. मुलांना आधी सांगायचं नाही. बसलात तर मी सोळाला जाते, पुन्हा या इमारतीत पाय ठेवत नाही."

त्याने पेपरवेट फिरवला. "एवढंच?"

"एवढंच."

"माफीबिफी न्हाई मागायची?"

"नको. ठेवायला जागा नाही माझ्याकडे."

तो हसला. खरं तर हसू दाबत होता. मी ते ओशाळेपणाचं समजले. हीच माझी चूक. मी इतकी पुस्तकं वाचली, पण क्लास चालवणाऱ्या माणसाचं हसू मला वाचता आलं नाही.

सोमवारी सकाळी लातुरात धुकं होतं. मुलं कानटोप्या घालून बसली होती. मी 'घर्षण' घेतलं, नाना घ्यायचे त्याच क्रमाने. सहा वाजून दोन मिनिटांनी शिवकुमार दारात आला. मी थांबले नाही. एकशे ऐंशी माना वळल्या. तो बाकांमधून चालत गेला, शेवटच्या बाकावर बसला आणि मान खाली घातली.

त्या तासात मला काय वाटलं ते लिहायला थोडी लाज वाटते. बरं वाटलं. नुसतं बरं नाही, आतून गरम वाटलं. उदाहरण सोडवता सोडवता मी दोनदा मुद्दाम मागे बघितलं, तो अजून मान खाली घालून आहे ना हे पाहायला. होता. तास संपल्यावर मी खडू ठेवला, हात झटकले आणि सरळ एसटी स्टँडवर गेले. अहमदपूर मागे पडल्यावर श्रीनाथला फोन लावला.

"येतेय," म्हणाले.

त्याने तारीख पुन्हा एकदा विचारून घेतली. मग म्हणाला, "मोजे लोकरीचे आण. इथले महाग आहेत आणि बेकार."

बुधवारी त्याचाच मेसेज आला. एक व्हिडिओ, आणि खाली: 'आताच कुणीतरी पाठवला. खूप छान केलंस मनू. रडलो मी.'

पन्नास सेकंदांचा व्हिडिओ होता. बासरी वाजत होती. फळ्यापाशी मी. मग दार, दारातून येणारा शिवकुमार, बाक, खाली गेलेली मान, तीही हळू केलेली. वर अक्षरं उमटत होती: 'शिखरावर पोचूनही जो गुरूच्या लेकीपुढे विद्यार्थी म्हणून बसतो...' शेवटी नानांचा फोटो, क्लासचा नंबर, आणि 'गुरुकन्या मनस्विनी मॅडम यांचे मार्गदर्शन आता आपल्या क्लासमध्ये. क्रॅश कोर्सचे प्रवेश सुरू.' दीड लाख लोकांनी बघितला होता. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग.

मी तो चार वेळा बघितला. तिसऱ्या वेळी दिसलं: मान खाली घालायच्या आधी शिवकुमार एकदा वर, कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघतो. चौथ्यांदा बघितलं ते खात्री करायला.

रात्री श्रीनाथचा फोन आला.

"यात वाईट काय आहे मला कळत नाही," तो म्हणाला. "नानांचं नाव झालं. त्याने मान खाली घातली, सगळ्या महाराष्ट्राने बघितली."

"त्याने माझ्या बापाचा अपमान विकला. शिल्लक होता तोही विकला."

"बरं. विकला. मग?"

"मी येत नाही."

पलीकडे बर्फ खरवडण्याचा आवाज येत होता, कुणीतरी गाडीची काच साफ करत असावं.

"थंडीमुळे नाही ना?"

"नाही."

"माझ्यामुळे?"

"नाही. त्याच्यामुळे."

"म्हणजे माझ्यासाठी यायचं होतं ते राहिलं, आणि त्याच्यासाठी थांबायचं ते ठरलं." तो चिडून बोलला नाही, म्हणूनच जास्त लागलं. "माझ्यासाठी एवढ्या निष्ठेने कुणी थांबलेलं नाही बुवा."

माझ्या मनात त्या वेळी दुःख होतं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण खोटं ठरेल. नाना गेल्यापासून पहिल्यांदा मला झोप येईल असं वाटत होतं.

"मार्चमध्ये पुन्हा विचारीन," श्रीनाथ म्हणाला. "तेव्हाही हेच म्हणालीस, तर मग नाही विचारणार."

"विचार," मी म्हणाले.

तिकीट दुसऱ्या दिवशी सकाळी रद्द केलं.

शनिवारी लातूरला गेले तेव्हा हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. मी बाकाकडे गेले नाही, काउंटरकडे गेले. पालक मोबाइल पुढे करून तिथल्या मुलीला व्हिडिओ दाखवत होते. "ह्याच मॅडम शिकवणार ना? मग लिवा नाव." एकाने मला ओळखलं. मुखेडचे पंढरी म्हणून गृहस्थ, सोबत प्रवेशाला आणलेली मुलगी. "ह्या काय, हितंच हायत की."

तेवढ्यात शिवकुमार खाली आला. गर्दी बघून खुशीत होता, मला बघून जास्तच.

"ताई, तुम्ही? सौद्यात तर पाय ठेवणार न्हाई म्हणला होता. निघायची तयारी सोडून..."

"सौदा सोळाला जाण्याचा होता. तिकीट रद्द केलं."

त्याचा हात कॉलरकडे गेला.

"तुम्ही जाहिरात केलीत, सर. आता सहाची बॅच माझी. वेळापत्रकात नाव घाला. नवी बॅच सोमवारी आहे ना?"

"आपण वर बसून बोलू."

"वर कशाला? यांच्यापुढेच सांगा. मॅडम नाहीत म्हणून सांगा, म्हणजे ही मंडळी समोर जायला मोकळी."

"न्हाईत कसं?" पंढरी म्हणाले. "आमी तर त्येच्यासाठीच पहाटं निघालोय. सर, आता फिरू नगा बरं का."

शिवकुमारने सगळ्यांकडे बघून हात जोडले. तोच चेहरा, व्हिडिओतला. "ताई तर घरच्याच," म्हणाला. मग माझ्या कानाशी, अगदी हळू: "किती दिवस हे?"

"तुम्ही अठरा वर्षं नानांकडून घेतलीत. मी तेवढी नाही घेणार."

सोमवारी सहाला वर्ग भरला. खच्चून, भिंतीशीसुद्धा मुलं उभी. मी फळ्यावर ऑक्टोबरातली ती तारीख लिहिली, खाली 'सकाळी ६.००', आणि उदाहरणात काय दिलंय ते सांगावं तसं सांगायला सुरुवात केली. या वर्गात त्या दिवशी कोण शिकवायला आलं होतं. फळ्यापाशी कोण उभं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी सांगायला हवं होतं. मागच्या दारात शिवकुमार येऊन थांबला, मला दिसत होता. मी त्याचं नाव घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

पहिल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "मॅम, हे परीक्षेला आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "पण लिहून घ्या."

लातूरची मुलं. फळ्यापाशी उभा माणूस सांगतो ते उतरवून घेतात, का म्हणून विचारत नाहीत. सगळ्यांनी वह्या उघडल्या. मी सावकाश, पूर्णविराम सांगत, पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.