खुर्चीला पडलेलं टक्कल

शेंडीच्या डोक्यावर सोफ्याच्या बटणाएवढं टक्कल दिसलं, तेव्हा तिच्या आईने आधी केस कुरतडणारी झुरळं घरभर शोधली. लहानपणी डोक्यावर कारंज्यासारखी शेंडी बांधायचे, म्हणून हे लाडाचं नाव. चौदाव्या वर्षी मात्र ते टोमण्यासारखं लागायला लागलं होतं.

"पाण्याचा दोष," बाबा म्हणाले. घराखालच्या दुकानात ते जुन्या खुर्च्या-सोफे नव्याने भरून द्यायचे. कुठलीही गोष्ट झिजली की दोष बाहेरचा, हे त्यांचं धंद्यातलं ठाम मत.

मग आईला अभ्यासाच्या टेबलामागे केसांचा पुंजका सापडला.

"मुद्दाम नाही गं करत," शेंडी रडवेली झाली. "हात आपोआप जातो. ओढला की क्षणभर बरं वाटतं, मग आणखी वाईट वाटतं."

आईने तिच्या हातांत पायमोजे चढवले. त्या रात्री भूमितीची सगळी वर्तुळं बटाट्यासारखी आली. शेवटी तिघं डॉक्टरबाईंकडे गेली.

"हा आजार आहे, खोड नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बऱ्याचदा पाळी सुरू होण्याच्या वयातच सुरू होतो. शरीरातले हार्मोन वरखाली होतात, आणि काही मुलींना पाळीच्या आधी ओढ जास्त जाणवते. नेमकं का, ते अजून पक्कं कळलेलं नाही. तिला रागावू नका. समुपदेशक बाई हात कधी जातो ते ओळखायला शिकवतील. तोवर हातांना दुसरं काम द्या."

"म्हणजे घरात हार्मोनवाल्या दोघी," बाबांनी सुस्कारा टाकला. आईचाही पारा हल्ली विनाकारण चढायचा.

"हार्मोन तुम्हालाही आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेंडीला दुकानात बोलावलं. "कोपऱ्यातली खुर्ची फोडायचीच आहे. आतला काथ्या हवा तेवढा उपट."

दुकानाला कोपरे चार, हे सांगायचं राहिलं.

शेंडीचे ते पाळीच्या आधीचे जड दिवस होते. ती दाराजवळच्या कोपऱ्यातल्या खुर्चीपाशी बसली आणि खालून एकेक धागा ओढत राहिली. डोक्याची आठवणही झाली नाही. संध्याकाळी शाळेच्या मोठ्या बाई आपली खुर्ची न्यायला आल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. टक्कल झाकायला शेंडी शाळेत स्कार्फ बांधायची, त्यावरून त्यांनी तिला दोनदा हटकलं होतं.

"बसून बघा, गादीसारखी झालीय," बाबा अभिमानाने म्हणाले.

मोठ्या बाई बसल्या आणि बसतच गेल्या. गुडघे हनुवटीला लागले, चष्मा नाकावरून घसरला. बाबांनी खुर्चीखाली वाकून पाहिलं.

"काथ्याचा दोष..." ते पुटपुटले.

"नाही बाबा," शेंडी पुढे आली. तिने स्कार्फ सोडला. "मी उपटलाय, बाई. खुर्चीतलाही आणि डोक्यावरचाही. मला आजार आहे. म्हणून स्कार्फ घालते."

मोठ्या बाईंनी त्या टकलाकडे पाहिलं. खुर्चीत रुतून कडक दिसणं कोणालाच जमत नाही.

"आधी मला वर काढा," त्या म्हणाल्या.

बाबांनी एक हात धरला, शेंडीने दुसरा. उभ्या राहिल्यावर त्यांनी साडी झटकली, घसा खाकरला. "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. नुसतं काढ म्हणालात."

मोठ्या बाईंनी चष्मा सरळ केला. "चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "स्कार्फ घाल. फक्त तो भडक ठिपक्यांचा नको गं, डोळे दुखतात."

आईने वर सगळं ऐकलं, तेव्हा आधी बाबांना दोन शब्द सुनावले आणि मग लेकीला जवळ घेऊन इतकी हसली की तिला उचकी लागली.

लगेच सगळं थांबलं असं नाही. एखाद्या महिन्यात शेंडी घसरायची, रडायची आणि पुन्हा समुपदेशक बाईंकडे जायची. पण परीक्षेच्या सुमारास त्या जागी ब्रशसारखे उभे, राठ केस आले. ते इतके मजेशीर होते की येता-जाता बाबा त्यांवरून तळवा फिरवायचे.

"बाबा, हात!" शेंडी ओरडायची.

"अगं, मुद्दाम नाही करत," बाबा म्हणायचे. "आपोआप जातो."