रँडम वॉकला आईही आली

परीक्षित नोएडातल्या एका विद्यापीठात गणित आणि कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होता. रुचिरा मॅडमनी 'रँडम वॉक' शिकवला आणि असाइनमेंट दिली: घरातून निघायचं, प्रत्येक चौकात नाणं उडवायचं. छापा आला तर उजवीकडे, काटा आला तर डावीकडे. फोनवर रस्ता नोंदवायचा आणि आलेख काढून आणायचा.

"एकटा कुठे भटकणार त्या नाण्याच्या नादाने?" म्हणत त्याची आई शुभदा चपला घालून तयारच झाली.

पहिल्याच चौकात काटा आला. डावीकडे मोठा नाला होता.

"परत उडव."

"आई, असं नाही चालत! ते रँडम असतं."

"असू दे. वास बघ केवढा येतोय!"

परत उडवलं, छापा आला. पुढच्या चौकातही छापाच आला, पण डावीकडे मेथी ताजी दिसत होती. मग डावीकडे.

असं करत दोघं एका वरातीत शिरली. मागे बँड, पुढे घोडी, हलायला जागा नाही. परीक्षितने तरीही नेमाने नाणं उडवलं. ढोलवाल्याने ते वरच्या वर झेललं, सलाम ठोकला आणि खिशात टाकलं.

तेवढ्यात नवऱ्याच्या मावशीने शुभदाचा हात धरला. "आप लखनऊ वाली बुआ हो ना? आओ, नाचो!"

"नाही म्हणून सांग," परीक्षित कुजबुजला. आई मेथीची जुडी उंच धरून नाचायला लागलीसुद्धा. मग कोणी जेवल्याशिवाय सोडेना.

मॅडमनी आलेख बराच वेळ न्याहाळला. "यहाँ इतनी देर क्यों रुके?"

"मॅम, पनीर टिक्का."

"और पूरा वॉक बाज़ार की तरफ़ क्यों झुका है?"

"मॅम... मम्मी."

वर्ग खिदळला. मॅडम मात्र खूश. "अरे, ये तो बायस है, एक तरफ़ का झुकाव! अगला चैप्टर वही है. मम्मी को बुलाओ."

शुभदा रेशमी साडी नेसून आली आणि वर्गाला म्हणाली, "सिक्के को क्या मालूम, नाला किधर है!" मॅडमनी त्याचं फळ्यावर समीकरण केलं. सगळ्यांनी ते उतरवून घेतलं. परीक्षित बाकाखाली पेन शोधत राहिला.

परतताना मेट्रोत आईने ते समीकरण त्याला पुन्हा समजावून सांगायला लावलं. तिचे प्रश्न संपेनात, त्याचाही उत्साह वाढत गेला आणि त्या नादात त्यांचं स्टेशन कधीच मागे पडलं.