आठ चाळीसची व्हॅन

बाबा जाऊन चौतीस दिवस झाले होते आणि त्यांतले शेवटचे अठरा कामाचे दिवस ते रोज सकाळी विद्यापीठात जात होते. निदान त्यांचा फोन तरी तसं सांगत होता. आठ चाळीसला मेसेज यायचा, 'आपण व्हॅनमध्ये बसला आहात.' आठ सत्तावन्नला दुसरा, 'आपला प्रवास पूर्ण झाला. धन्यवाद.'

पहिल्यांदा आला तेव्हा त्यांची धाकटी मुलगी भांडी घासत होती. ओल्या हाताने फोन उचलला, वाचला, उलटा ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी ती आठ पस्तीसपासूनच फोनपाशी घुटमळत राहिली आणि मेसेज आला तेव्हा तिला जे वाटलं ते तिने कुणालाच सांगितलं नाही. थोरल्या भावाने बाबांच्या मागच्या कामांची वाटणी करून दिली होती. बँक, गॅस आणि क्वार्टरच्या किल्ल्या त्याच्याकडे. विद्यापीठातलं तिच्याकडे. "व्हॅनचं बुकिंग आणि गाडीचं कार्ड, एवढंच तर आहे," तो तीनदा म्हणाला होता. "एक अर्ज, एक मृत्यूचा दाखला. अर्ध्या तासाचं काम."

दाखला पंधरा दिवस तिच्या पर्समध्ये होता. आज मात्र ती निघाली होती. बाबांच्या नावावर फुकटचा प्रवास कोण करतंय ते डोळ्यांनी बघायचं, जाब विचारायचा आणि वाहतूक कार्यालयाच्या खिडकीवर जाऊन सगळं बंद करायचं. तेरा वर्षं व्हीलचेअरवरून शिकवणाऱ्या माणसाने ती व्हॅन मिळवायला किती अर्ज केले होते ते तिला माहीत होतं. मसुदे तिनेच टाइप केले होते. तारीख घालायची राहिली म्हणून बाबांनी एकदा सही झालेलं पत्र फाडून टाकलं होतं. त्यांच्या नावावर असला लबाडीचा प्रवास चालू म्हणजे कमालच झाली.

विज्ञान इमारतीपाशी ती साडेआठलाच पोचली आणि सवयीने गाडी बाबांच्या राखीव जागेत लावली. शनिवारी त्यांना ग्रंथालयात आणायची तेव्हा इथेच लावायची. आरशाला कार्ड अडकवलेलंच होतं. खाली उतरली, पुन्हा बसली, काच खाली केली, वर केली. घड्याळात आठ तेहेतीस. फोन मांडीवर, मग डॅशबोर्डवर, मग परत मांडीवर.

काचेवर टकटक झाली. इमारतीचा गार्ड होता, गोलगरगरीत, शिट्टी गळ्यात.

"ताई, गाडी काढा."

"कार्ड आहे," ती म्हणाली.

"कार्ड दिसतंय मला. माणूस कुठाय?"

तिने तोंड उघडलं. चौतीस दिवसांत ते वाक्य तिला एकदाही म्हणावं लागलं नव्हतं. फोन थोरल्याने केले होते, दारावर शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं. आज ते वाक्य खिडकीवर म्हणायचं म्हणून तिने गाडीत दोनदा घोकलं होतं. पण गार्डला ते सांगायची गरज नव्हती. तो तिला ओळखत होता आणि त्याने नजर खाली घेतली होती.

"पाचच मिनिटं," ती म्हणाली.

"सगळे पाचच मिनिटं म्हणतात. सर कागदावर लिहून चिकटवायचे असल्या गाड्यांना, 'तुमची पाच मिनिटं म्हणजे माझा अर्धा तास.' डिंक माझ्याकडून न्यायचे. तुम्ही त्यांच्या कन्या, तुम्हाला मी काय सांगू?" मग त्याने खाली बोट दाखवलं. "या पिवळ्या तिरप्या पट्ट्या दिसतात ना, तुमचं चाक आलंय त्यावर. इथे व्हॅनचा रॅम्प पडतो. आता येईल ती."

तिने गाडी मागे घेतली आणि मैदानाच्या पलीकडे जागा मिळाली तिथे लावून अक्षरशः धावत परत आली. चालायला सात मिनिटं लागत होती. व्हॅन उभी होती आणि रॅम्प नेमका त्या पट्ट्यांवर टेकला होता.

रॅम्पवरून एक मुलगी उतरत होती. विशीची, केस घट्ट बांधलेले, मांडीवर दप्तर. व्हीलचेअर जुनी होती, एका चाकाला चिकटपट्टी गुंडाळलेली. मागून व्हॅनवाले काका हात पुढे करून चालत होते, धरत नव्हते, नुसते तयार होते. बाबांच्या मागे ते असेच चालायचे.

"बाबांच्या नावावर हीच येते का?" धाकटीने विचारलं. आवाज तिला हवा होता त्याहून बराच वर गेला.

काकांचा चेहरा पडला. मुलीने ब्रेक लावला आणि धाकटीकडे सरळ बघितलं.

"मीच येते. तुम्ही सरांच्या लेक. फोटो पाहिलाय तुमचा, त्यांच्या टेबलावर होता."

"तुझं स्वतःचं बुकिंग नाही?"

"अपंगत्वाचं प्रमाणपत्र नाही म्हणून बुकिंग नाही. डॉक्टरांचं बोर्ड बसलं की प्रमाणपत्र. बोर्ड एकोणीस तारखेला. आधी मागच्या महिन्यात होतं, त्याच्या आधी त्याच्या मागच्या." ती एका दमात बोलली. हे तिला फार वेळा म्हणावं लागलं असणार. "पाय मोडला असता तर त्याच दिवशी पास मिळाला असता, डॉक्टरच्या चिठ्ठीवर. माझा जन्मापासूनचा प्रश्न आहे ना, म्हणून खात्री करून घेतायत."

"चिमणे, तू जा," काका म्हणाले. "प्रॅक्टिकल आहे. उशीर झाला की दार लावतात ते लोक."

चिमणी गेली. दारापाशी गार्डने तिला आत घेतलं आणि मग दोघांकडे पाठ करून उभा राहिला. त्याला काही ऐकू येत नव्हतं हे दाखवण्याचा त्याने चांगला प्रयत्न केला.

"हे तुम्ही मनाने सुरू केलंत?" धाकटीने विचारलं.

"माझी काय छाती आहे, ताई? सरांनी सांगितलं."

"कधी?"

"फोन आला होता त्यांचा. दवाखान्यातून. शेवटचा गुरुवार."

शेवटचा गुरुवार तिला मिनिटामिनिटाने पाठ होता. सकाळपासून बाबा बोलले नव्हते. संध्याकाळी डोळे उघडून म्हणाले, "पाणी आण. गार नको." ती दोन मजले खाली गेली, वर आली तेव्हा त्यांनी डोळे मिटलेले होते आणि फोन छातीवर होता. तिला वाटलं वेळ बघत असतील. तिने फोन काढून ठेवला होता. पाणी तसंच राहिलं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मी आता येत नाही, पण माझी वेळ बंद पडू देऊ नकोस. खालच्या गेटवर एक पोरगी असते, सिटी बसमधून उतरते, तो चढ एकटी ढकलत येते. तिला घे आणि गाडीतल्या यंत्रावर बटण माझ्या नावाचं दाब. बुकिंग नसेल तर गाडी गॅरेजमधून दहापर्यंत निघतच नाही, तुम्हाला माहितीय. मी आधी घाबरलो, आठवडा-दोन आठवडे काहीच केलं नाही. मग एकदा ही अर्ध्या चढावर अडकलेली दिसली, ऊन डोक्यावर. घेतलं."

"आणखी काय म्हणाले?"

काकांनी आठवून बघितलं. तिला कळत होतं की आपण काय ऐकायला थांबलोय आणि ते तिथे नाही.

"मी विचारलं, ताईंना कळवू का? तर म्हणाले, नको. ती नियमाने चालणारी आहे, तिला त्रास होईल." काका ओशाळून हसले. "वाईट अर्थाने नव्हते म्हणाले."

धाकटी दोन पावलं गेली, परत आली. नियमाने चालणारी! आयुष्यभर तिने हेच त्यांच्याविषयी लोकांना सांगितलं होतं, कधी कौतुकाने, बऱ्याचदा वैतागून.

"ताई, आज नाहीतरी शेवटचाच दिवस," काका हळूच म्हणाले. "दर तीन महिन्यांनी खिडकीवर जाऊन सही करावी लागते, बुकिंग पुढे चालू ठेवायचं म्हणून. सरांची मुदत आज संपते. बारा वाजता खिडकी बंद. उद्यापासून गाडी नाही. चिमणीला मी अजून सांगितलं नाही. तिची प्रॅक्टिकलं एकोणीसपर्यंत आहेत. तुम्ही बंद करायला आला असाल तर करा, माझं काही म्हणणं नाही. फक्त अठरा दिवस कोण बसलं होतं हे विचारलं तर..." ते थांबले. "तर खरं सांगा. मी बघतो माझं."

वाहतूक कार्यालय दोन इमारती सोडून होतं. तिथे जाईपर्यंत तिने तिघांशी भांडण केलं, काकांशी, बोर्डाशी आणि गरम नाही गार नाही असं पाणी मागणाऱ्या माणसाशी. मनातल्या मनात.

खिडकीपुढे रांग नव्हती. आतला कारकून स्टेपलरमध्ये पिना भरत होता. त्याच्या मागच्या फलकावर बाबांचा फोटो होता, खाली शोकसभेची तारीख. ती उलटून महिना होत आला तरी कुणी काढला नव्हता. धाकटीने पर्समधून दाखला बाहेर काढला. प्लास्टिकमध्ये होता. तिने तो खिडकीच्या कठड्यावर ठेवला, पालथा.

"आठ चाळीसचं बुकिंग," ती म्हणाली. "खालचं गेट ते विज्ञान इमारत."

कारकुनाने वही काढली, बोट फिरवलं, थांबवलं. मग तिच्याकडे पाहिलं. मग पालथ्या कागदाकडे.

"आज मुदत आहे," तो म्हणाला.

"हो. मला सांगायचं होतं की माझे वडील..."

"मला काही सांगू नका." त्याने स्टेपलर खाली ठेवला. आवाज चढला नव्हता, उलट फारच खाली आला होता. "सांगितलंत की मला लिहावं लागेल. मी लिहिलं की गाडी उभी. मी सहा वर्षं सरांचे अर्ज घेतले आहेत, ताई, आणि त्यांतले निम्मे परत पाठवले आहेत, वरून आदेश होता म्हणून. आज मला कुणी आदेश दिलेला नाही. तुमच्याकडे एखादा कागद असेल तर मी घेईन, घ्यावाच लागेल. नसेल तर इथे 'प्रतिनिधीची सही' असा रकाना आहे."

त्याने वही तिच्याकडे वळवली आणि स्वतः पुन्हा पिना भरायला लागला. त्या आधीच भरल्या होत्या.

ती उभी राहिली. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं, तीनच शब्दांचं. ते म्हणायलाच तर ती आली होती, आणि आज म्हणून टाकलं असतं तर कदाचित रात्री झोप लागली असती. सही केली की उद्या सकाळी पुन्हा आठ चाळीस, पुन्हा तो फोन. आपण हे त्या मुलीसाठी करतोय की त्या मेसेजसाठी, हे तिने स्वतःला विचारलं.

"एकोणीसनंतर बंद करता येईल?" तिने विचारलं.

"कधीही. खिडकी रोज उघडी असते."

तिने सही केली. बाबांची नाही, स्वतःची, पूर्ण. 'नाते' या रकान्यात 'मुलगी' लिहिलं. तारीख घातली. दाखला उचलून पर्समध्ये ठेवला, चेन ओढली, ती अडकली, तशीच राहू दिली.

गाडीकडे जायचं सोडून ती विज्ञान इमारतीकडेच आली. अकराला चिमणी बाहेर आली तेव्हा धाकटी पायऱ्यांपाशी येरझाऱ्या घालत होती.

"बंद केलंत?" मुलीने विचारलं. म्हणजे तिला माहीत होतं. काकांना वाटत होतं ते खरं नव्हतं.

"एकोणीसपर्यंत चालू आहे. पुढे तुझ्या नावाने."

मुलगी आनंदली नाही. तिने चाकावरची सुटलेली चिकटपट्टी अंगठ्याने दाबून बसवली.

"आणि बोर्डाने परत पुढे ढकललं तर? दोन्ही वेळा मी खालीच बसून होते. ते वरच्या मजल्यावर बसतात, लिफ्ट बंद होती. खाली यायला सांगितलं तर म्हणाले, उमेदवार गैरहजर."

धाकटी येरझाऱ्या घालायची थांबली.

"कुठली इमारत?"

"प्रशासनाची. का?"

"लिफ्टची चौकशी कुणाकडे करायची?"

"मला काय माहीत. मी वर कधी गेलेच नाही."

"तू थांब इथे. नको, काकांबरोबर घरी जा," धाकटी म्हणाली आणि निघालीसुद्धा. चार पावलांवरून वळून ओरडली, "तुझं पूर्ण नाव सांग. आणि गैरहजर लिहिलेला कागद तुझ्याकडे आहे का?"

"आहे की. दोन्ही आहेत."

"दे."