सरोजिनीचा डबा

कृष्णा माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "परबदादा, सरूचा डबा आहे का हो अजून?"

सरू. मी बायकोला जन्मभर सरोजिनी अशी हाक मारली. तिच्या माहेरीसुद्धा तिला कोणी सरू म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ती जाऊन वर्ष होत आलं, आणि हा माणूस माझ्या उंबऱ्यावर उभा राहून तिचं नवीनच नाव घेत होता.

"कसला डबा?" मी विचारलं.

"ट्रेकचा हो. अडचणीत लागेल ते सगळं त्यात भरून ठेवायचं. आमच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाकडे होता, पण तिच्यासारखा कोणाचाच नाही. रविवारी गच्चीवर लोकांना दाखवतो म्हटलं."

सव्वीस जुलैच्या पाण्यात आमच्या बोळिंजच्या सोसायटीचा तळमजला बुडाला होता. वीज गेली, प्यायला पाणी नाही, आणि कोणाच्या घरात कोरडी काडेपेटी नाही. त्यानंतर मीटिंगमध्ये ठरलं की प्रत्येक घरात अडीअडचणीचा एक डबा पाहिजे. तो कसा भरायचा ते कृष्णा शिकवणार होता. तो आमच्याच सोसायटीत राहतो, बँकेत आहे, लग्न केलेलं नाही. सुट्टी आली की लोकांना घेऊन डोंगरावर जातो. माझी बायको त्या लोकांत होती.

"शोधतो," म्हणून मी दार लावून घेतलं.

सरोजिनी शाळेत शिकवायची. शाळेतल्या बेटीबाईंबरोबर ती एकदा काळदुर्गला गेली, आणि मग जातच राहिली. तुंगारेश्वर, अशेरी, कोहोज. मला चल म्हणायची. मी तेव्हा एसटी डेपोत मेकॅनिक, अजून निवृत्त व्हायचो होतो. आठवडाभर गाडीखाली आडवं पडल्यावर रविवारी डोंगर कोण चढणार? ती चिखलाने भरलेले बूट घेऊन संध्याकाळी परत यायची, तोंड लाल झालेलं असायचं, आणि जेवताना मध्येच एकटी हसायची. काय झालं विचारलं तर म्हणायची, "तुम्हाला सांगून मजा नाही कळणार. यायला पाहिजे होतं." डोंगरावर तिला कधी साधं खरचटलं नाही. गेली ती घरात, काविळीने.

तिची सॅक माळ्यावर होती. आत डबा सापडला आणि माझं डोकंच फिरलं, कारण डबा माझा होता. माझा डेपोतला चपटा ॲल्युमिनियमचा पोळीचा डबा, दोन्ही बाजूंना कड्या. चेपलेल्या कोपऱ्यावरून मी लगेच ओळखला. हरवला म्हणून मी किती कटकट केली होती, आणि ती म्हणाली होती, "जाऊ द्या, नवीन घ्या."

कड्या काढल्या तरी झाकण निघेना. आतून काळी रबराची पट्टी होती. तीही माझीच. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून मीच ती कापली होती. "मला एका डब्याचं झाकण घट्ट बसवून हवंय," एवढंच ती म्हणाली होती. मी माप घेतलं, पट्टी कापली, सांधा चिकटवला. कुठल्या डब्याला ते मी विचारलं नव्हतं. मला वाटलं होतं लोणच्याच्या.

पान्याच्या टोकाने झाकण उचकटलं. मेणात बुडवलेल्या काड्या. सुईदोरा, ब्लेड, सेफ्टी पिना. तुरटीचा खडा. शिट्टी. लहान गोल आरसा. शीतपेयाच्या नळीचे तुकडे, दोन्ही टोकं वितळवून बंद केलेले, आत जाळ धरायला व्हॅसलीन लावलेला कापूस. मीठ-साखरेची पुडी. नायलॉनच्या दोरीची गुंडाळी. आणि सगळ्यात खाली, दोरीच्या आड, निरोधचं पाकीट.

आमच्या लेकीच्या, सुरुचीच्या पाठीवर दुसरं मूल नको म्हणून सरोजिनीचं ऑपरेशन झालं होतं. सुरुचीचं लग्न होऊन ती पुण्याला गेली. आमच्या घरात ह्या वस्तूचं कधी कामच पडलं नव्हतं.

मी डबा बंद केला. माझ्या डब्याला माझ्या हातची पट्टी लावून तिने हे कोरडं जपून ठेवलं होतं.

पुढचे दिवस मी नीट जेवलो नाही. डोक्यात एकच चाललेलं. अशेरीला रात्री गुहेत राहिले होते, तेव्हा कोण कोण होतं? कृष्णाच्या पोटऱ्या कशा दगडासारख्या आहेत, हे तिने एकदा मला सांगितलं होतं. नवऱ्याला असं कोण सांगतं? मनात काही नसेल तरच सांगतं, असं एकदा वाटायचं. मनात भरलेलं असेल तरच तोंडात येतं, असं लगेच वाटायचं. गॅलरीतून कृष्णा येता-जाता दिसायचा. तो खाली वॉचमनशी हसला तरी मला वाटायचं माझ्यावरच हसला. मेलेल्या बाईशी भांडता येत नाही. तिच्या फोटोला मी हार घालणं सोडून दिलं होतं.

शनिवारी दुपारी सायकल काढली आणि गास गावी बेटीबाईंकडे गेलो. कोणाला काही माहीत असेल तर त्यांनाच. त्या ओट्यावर बसून घोसाळी निवडत होत्या.

"अगंबाई, भावोजी! वाट कुठे चुकलात? आमचा पीटर केळीच्या बागेत आहे, हाक मारू का?"

"नको, नको," मी घाईने म्हणालो. "तुमच्याकडे ट्रेकचा डबा आहे का? उद्या सोसायटीत दाखवायचाय. कसा भरायचा बघावं म्हटलं."

"बिस्किटाचा होता, पत्र्याचा. गंजला मेला. बघा." त्यांनी आतून आणून माझ्या हातात दिला.

काड्या, ब्लेड, तुरटी, शिट्टी. आणि तळाला तेच पाकीट.

ह्यांच्याकडेही? मी ते पाकीट बाहेर काढलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, हे काय आहे?"

बेटीबाई आधी लाल झाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"अहो भावोजी, ते पाण्यासाठी!"

"कसलं पाणी?"

"प्यायचं पाणी! डोंगरात बाटली फुटली, दरीत गेली, तर भरणार कशात? ह्यात लिटरभर तरी मावतं. वरून पायमोजा चढवायचा, म्हणजे फुटत नाही. जागा लागत नाही, वजन नाही. कृष्णाने सांगितलं तेव्हा आम्ही बायका खाली मान घालून बसलो. आणणार कोण? मी दुकानात गेले असते तर रविवारी चर्चमध्ये मिसेला सगळ्या गासला माहीत. आमच्या ग्रुपातली यमुना तर म्हणाली, मी तहानेने मरेन पण आणणार नाही."

"मग?"

"मग काय, तुमची सरू. म्हणाली, मी आणते. आगाशीला सरकारी दवाखान्यात गेली. नर्स म्हणाली, किती देऊ बाई? तर ही म्हणते, चांगली मूठभर द्या, आम्हाला कोहोज चढायचाय!"

बेटीबाईंच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. मग ते पाणी वेगळंच झालं आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.

"मला का नाही सांगितलं तिने?"

"सांगणार होती. मग म्हणाली, ह्यांना सांगितलं तर आठवडाभर जेवायचे नाहीत."

मी घरी आलो. बेटीबाईंचं खरं वाटत होतं, पण मी मेकॅनिक माणूस, वस्तू चालवून बघितल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. मोरीत जाऊन तिच्या डब्यातलं पाकीट फाडलं आणि नळाखाली धरलं. फुगत फुगत दुधीएवढं झालं. दोन्ही हातांवर घेऊन उभा राहिलो. थंडगार, जड. जुनं झालेलं होतं, ते हातातच फुटलं आणि मी कमरेपर्यंत भिजलो. तसाच पाटावर बसलो. आधी हसू आलं, मग दुसरं काही.

संशय गेला. मत्सर काही गेला नाही. दवाखान्यातली ती गोष्ट त्या सगळ्यांना माहीत होती. जेवताना ती एकटी हसायची ते अशाच गोष्टींवर. सगळ्या डोंगरावर तिचं हसणं वाटून झालं होतं, आणि माझ्या वाट्याला बूट धुवायचं काम.

रविवारी डबा कृष्णाच्या हातात दिला. गच्ची भरलेली होती. त्याने एकेक वस्तू काढून सांगितली. "डबा धातूचा का? तर ह्यातच पाणी उकळता येतं. प्लास्टिकमध्ये ते जमत नाही. आणि आवडीचं काही भरायचं नाही, लागणारंच भरायचं." दोरीशी आल्यावर तो थांबला. "इथे आणखी एक वस्तू असायची," म्हणाला, माझ्याकडे बघितलं आणि "असो" म्हणून पुढे गेला. बेटीबाईंनी त्याला सांगितलं असणार. माझे कान तापले.

मग त्याने बादली मागवली. सरोजिनीचा डबा आणि त्याचा स्वतःचा डबा, दोन्ही पाण्यात बुडवून वर वीट ठेवली. थोड्या वेळाने काढले. त्याच्या डब्यातून पाणी ओतलं, मेण लावूनही काड्या भिजून गेल्या होत्या. सरोजिनीच्या डब्यातली काडी ओढली ती पहिल्या झटक्यात पेटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"ही सगळी ह्या पट्टीची करामत," त्याने झाकण उलटं करून दाखवलं. "ही परबदादांनी कापलीय. मी सरूच्या मागे लागलो होतो, तुझ्या नवऱ्याला सांगून मला एक आणून दे. दरवेळी तेच. माहितीय काय म्हणायची? 'ह्यांच्या कारखान्यात फक्त माझाच माल निघतो. तुझा तू बघ.'"

लोक हसले. मी हसलो नाही. ते वाक्य तिचंच होतं. तो सांगत होता, पण आवाज मला तिचा आला. पावसात भिजलेल्या काड्या घेऊन हा माणूस डोंगरावर बसला असेल, आणि ती माझी कोरडी काडी पेटवून चहा करत असेल. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे दुसरी पट्टी मागितली नव्हती.

त्या आठवड्यात अख्खी सोसायटी डबे घेऊन माझ्याकडे आली. कोणाचा टिफिन, कोणाचा पानाचा डबा. मी मापं घेतली, पट्ट्या कापल्या, सांधे चिकटवले. झाकण बसवून उलटं धरून दाखवायचो, थेंब गळत नाही. बऱ्याच दिवसांनी हाताला काम होतं. फोटोला हार घातला.

सगळ्यात शेवटी कृष्णा आला. नवा ॲल्युमिनियमचा डबा घेऊन, कड्यांचा, थेट माझ्यासारखा.

"परबदादा, आता तरी एक पट्टी द्या."

"ट्यूब संपली," मी म्हणालो.

माझ्या पाठीमागे, दाराच्या खिळ्याला, अख्खी ट्यूब लटकत होती. त्याने ती बघितली. मी बघितलं की त्याने बघितली. त्याने डबा काखेत मारला.

"बरं," तो म्हणाला. "सरोजिनीताई म्हणायच्याच, ह्या कारखान्यात फक्त त्यांचाच माल निघतो."

जिना उतरताना त्याच्या चपलांचा आवाज खालपर्यंत येत होता. मी दार लावलं, आणि ट्यूब खिळ्यावरून काढून तिच्या सॅकमध्ये ठेवली.